पंचाला खुर्ची दिसली नाही

सदर कायम झालं असतं, तर तारेवाल्यांच्या खात्यात बरंच काही जमा होणार होतं. साप्ताहिकाच्या वेबसाइटवर दर शनिवारी नाव. नावाच्या वर गोल चौकटीत फोटो. विमा कचेरीत साहेबांनी एखादे दिवशी जिन्यात थांबून ‘तुम्ही लिहिता म्हणे’ असं म्हणण्याची शक्यता. पण ही सगळी किरकोळ जमा. मोठी जमा सासुरवाडीकडची होती. लग्नाला दोन वर्षं होत आली तरी सासरे चारचौघांत त्यांची ओळख ‘हे आमच्या मुलीचे मिस्टर’ अशीच करून देत. जणू मुलीनं दुकानातून एक वस्तू आणली आहे आणि ती परत करायची मुदत अजून संपलेली नाही.

तारेवाले हे त्यांचं आडनाव नव्हे. ते कशालाही तारे देत, म्हणून कचेरीनं ठेवलेलं नाव. कँटीनच्या चहाला त्यांनी एक तारा दिला होता. बदली होऊन निघालेल्या साहेबांच्या निरोपाच्या भाषणाला साडेतीन दिले होते आणि उरलेला दीड कुठे कापला, ते खुद्द साहेबांना फाटकापर्यंत पोचवायला जाऊन समजावून सांगितलं होतं.

“जुन्या कार्यक्रमांवर लिहा,” संपादक फोनवर म्हणाले होते. “पण गोड गोड नको. वाचकाला फाडलेलं आवडतं. पहिला लेख चालला तर सदर तुमचं.”

“फाडतो,” तारेवाले म्हणाले.

विषय त्यांनी विचार करून निवडला. सासरे तरुणपणी कुस्तीचे पंच होते, ही गोष्ट सासुरवाडीच्या इमारतीत शाळकरी पोरांनाही ठाऊक होती. राक्षसासारखे पैलवान ज्यांच्या एका शिट्टीवर थांबायचे, ते आपल्यासारख्यांची भांडणं काय सोडवणार नाहीत, या हिशोबानं रहिवाशांनी त्यांना तडजोड समितीचं अध्यक्ष केलं होतं. गाडी कुठे लावायची, कुणाच्या एसीचं पाणी कुणाच्या टॉवेलवर पडतं, सगळं त्यांच्यासमोर यायचं. ते ऐकून घेत, जागेवर जाऊन बघत आणि निकाल देत. “मी बघितलंय,” एवढं ते म्हणाले की विषय मिटायचा. तेव्हा कुस्तीवर लिहिलं की संपादकही खूष आणि सासरेही खूष, असा तारेवाल्यांचा दुहेरी बेत होता.

कचेरीतल्या एका मित्राकडे वडिलांच्या जुन्या व्हिडिओ कॅसेटवरून उतरवून घेतलेला कुस्तीचा कार्यक्रम होता. मातीतली कुस्ती नव्हे. दिव्यांची, धुराची, दोरखंडांच्या चौकोनातली. एके काळी ज्या घरात टीव्ही असेल त्या घरात अख्खी गल्ली घुसून बघायची, ती. बायको हॉस्पिटलात ड्यूटीवर होती. तारेवाल्यांनी दुपारी पडदे ओढले, वही घेतली आणि बसले.

मुख्य सामना होता वज्रबाहू आणि काळभुजंग यांचा. वज्रबाहू चकचकीत, पांढऱ्या चड्डीतला, आल्या आल्या प्रेक्षकांतल्या म्हाताऱ्यांना हात जोडणारा. काळभुजंग अंगभर काळ्या पोशाखात, आल्या आल्या त्याच म्हाताऱ्यांच्या अंगावर धावून जाणारा. आणि दोघांच्या मध्ये पंच. काठीसारखा बारीक, खांद्यापर्यंत केस, गळ्यात भलामोठा बो. काळभुजंगाचा साथीदार बाहेरून लोखंडी खुर्ची आत सरकवायचा, आणि नेमकी त्याच क्षणी पंचाच्या बुटाची नाडी सुटायची. खुर्ची वज्रबाहूच्या पाठीत बसली की हे गृहस्थ नाडी बांधून उठायचे आणि ‘हा कसा काय पडला बुवा’ अशा नजरेनं बघायचे. सगळं सभागृह ओरडून ओरडून सांगत होतं, पंच सोडून सगळ्यांना दिसत होतं.

तारेवाल्यांची लेखणी आपोआप धावू लागली. शनिवारी लेख लागला, सोबत टेपमधला पंचाच्या नाडीचा तुकडाही. रविवारी ते सासुरवाडीला जेवायला गेले, ते मोबाइल हातात धरूनच.

“वाचा ना मग,” सासूबाई वाढता वाढता म्हणाल्या. “कधीपासून म्हणताय लिहितो लिहितो.”

“वाच, वाच,” बायको म्हणाली. “बाबांचाच विषय आहे. मी पण अजून नाही वाचलाय.”

तारेवाल्यांनी घसा साफ केला. पहिला परिच्छेद संपेपर्यंत सासऱ्यांच्या चेहऱ्यावर हसू होतं. काळभुजंगाचं नाव आलं आणि त्यांचा घास हातातच राहिला.

“हे कुठं बघितलंत तुम्ही?” त्यांनी विचारलं. “त्या कार्यक्रमाची टेप नाही कुणाकडं.”

“शोधणाऱ्याला मिळते, बाबा,” तारेवाले म्हणाले आणि पुढे वाचू लागले. “‘पण या सगळ्यांवर कडी करतो तो पंच. या माणसाला डोळे आहेत, पण ते चेहऱ्याची शोभा म्हणून बसवले असावेत. खुर्ची नाकासमोरून जाते आणि हा नाडी बांधतो. एका सामन्यात इतक्या वेळा नाडी सुटत असेल तर त्यानं चपला घालाव्यात. इतका ठार आंधळा पंच कुस्तीच्या इतिहासात झाला नसेल. गळ्यातला बो तर घरातल्या जुन्या पडद्यातून कापल्यासारखा...’”

“जुन्याच पडद्याचा होता,” सासूबाई म्हणाल्या. “बाहेरच्या खोलीच्या खिडकीचा. मीच शिवला होता.”

भरधाव गाडीला ब्रेक लावला तरी ती थोडी पुढे जातेच. तारेवाल्यांचं तोंड एक वाक्य पुढे गेलं. “‘पंचाला उणे दोन तारे.’”

मग ते थांबले. जेवणाच्या टेबलाखाली एखादा दरवाजा असावा, तो उघडावा आणि खाली माळ्यामाळ्यांतून थेट तळघरात जाऊन पडावं, असं त्यांना वाटलं. समोर बसलेल्या, टक्कल पडलेल्या, भरल्या अंगाच्या सासऱ्यांच्या चेहऱ्यावर त्यांनी मनातल्या मनात खांद्यापर्यंतचे केस चिकटवून पाहिले. चपखल बसले.

“नाड्या सुटायच्या खऱ्या,” सासरे शांतपणे म्हणाले. “बूट हलके होते. भाजी वाढ गं.”

आतल्या खोलीत बायकोनं त्यांना भिंतीला लावलं. “तुला माझे बाबा ओळखू आले नाहीत?”

“केस होते गं त्यांना!”

“माणसाला केस असतात!”

“खांद्यापर्यंत होते! आणि बारीक होते ते! आणि मला काय माहीत असली कुस्ती, मला वाटलं मातीतली, पदकं वगैरे...”

“काढून टाक तो लेख. आत्ताच्या आत्ता.”

तारेवाल्यांनी संपादकांना फोन लावला.

“काढू?” संपादक ओरडले. “अहो, रविवार असून लोक तुटून पडलेत! पंचाचा तुकडा कापून त्याचे व्हिडिओ फिरवतायत. सदर तुमचं झालं म्हणून समजा. फोटो पाठवा, गोल कापता येईल असा!”

ज्या बातमीसाठी माणूस महिनोन् महिने झुरतो ती बातमी, सासरा पलीकडच्या खोलीत मुकाट्यानं जेवत असताना आली की कशी लागते, ते तारेवाल्यांना त्या दिवशी कळलं.

व्हिडिओ फिरत फिरत सासुरवाडीच्या इमारतीत पोचला. तिथे जुने रहिवासी होते, त्यांनी केसांच्या आतला माणूस ओळखला. तळमजल्यावरचे दंतवैद्य लिफ्टपाशी म्हणाले, “काका, नाडी बघा हो, नाडी!” आणि सासऱ्यांनी खरंच खाली पाहिलं. समितीच्या पुढच्या बैठकीत गाडीच्या तंट्यावर ते “मी बघितलंय” म्हणाले तेव्हा मागून कुणीतरी खुसखुसलं. सासरे स्वतःही हसले. घरी येऊन मात्र ते खिडकीपाशी नुसते बसून राहिले, असं सासूबाईंनी लेकीला सांगितलं, आणि लेकीनं ते नवऱ्याला ज्या शब्दांत सांगितलं त्यानंतर तारेवाल्यांना रात्रीचं जेवण गेलं नाही.

“जा आणि माफी माग,” बायको म्हणाली.

“मागतोच. पण तोंडी माफी चार भिंतींत राहील. बेअब्रू छापून झालीय, अब्रूही छापूनच परत दिली पाहिजे.”

“लेख नको हं. साधी माफी माग. माणसासारखी.”

पण माणसाला आपलं हत्यार सोडवत नाही. तारेवाल्यांनी तो सामना पुन्हा पाहिला, पंचात कौतुक करण्यासारखं काहीतरी सापडेल या आशेनं. आणि सापडलं. ढिगानं सापडलं. पडलेल्या वज्रबाहूला मोजायला पंच खाली वाकतो, तेव्हा त्याचे ओठ आकड्यांपेक्षा जास्त हलतात. तो हळूच पैलवानाचा हात दाबतो, पैलवान उलट दाबतो, की मगच पंच उठून काळभुजंगाकडे वळतो. एकदा काळभुजंगाचा पाय खरोखर मुरगळतो. तेव्हा हाच पंच प्रेक्षकांशी हुज्जत घालण्याचं सोंग करून वेळ काढतो, आणि अख्ख्या सभागृहाचं लक्ष आपल्यावर ओढून घेतो. नाडी सुटतच नव्हती. नाडी तो स्वतः सोडत होता. दोघांचीही हाडं शाबूत राहावीत म्हणून एक काटकुळा माणूस सबंध सामना मूर्ख ठरत होता.

तारेवाल्यांना भरून आलं. ‘आंधळा नव्हे, अव्वल नट!’ असं शीर्षक देऊन त्यांनी दुसरा लेख लिहिला. हात दाबणं, ओठ हलणं, सोडलेली नाडी, सगळं मिनिटामिनिटाच्या नोंदीसह. सामना आधीच ठरलेला होता, आणि तो ठरल्याप्रमाणे पार पाडणारा खरा सूत्रधार हा पंच होता, हे सप्रमाण सिद्ध केलं. पाच तारे. खाली सासऱ्यांचं नातंही अभिमानानं जाहीर केलं. बायकोला न दाखवता पाठवून दिला, कारण तिला चकित करायचं होतं.

शनिवारी लेख लागला, आणि ती झाली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सासरे स्वतः दारात उभे राहिले. दोन वर्षांत जावयाच्या घरी ते एकटे कधी आले नव्हते. आत आले, खुर्चीच्या कडेवर बसले. चहा आला, त्यांनी हात लावला नाही.

“तुम्ही मला आंधळा म्हणालात. मी काही बोललो?”

“नाही, बाबा.”

“बावळट म्हणालात. माझ्या बोची टिंगल केलीत. मी ताट सोडून उठलो?”

“नाही, बाबा.”

“मग मला शहाणा कशाला केलंत?”

नजर कुठे ठेवावी ते तारेवाल्यांना सुचेना. ती त्यांनी चहाच्या कपात ठेवली.

“आमचा एकमेकांना शब्द होता,” सासरे म्हणाले. “बाहेर बोलायचं नाही. कुणाजवळच नाही. लोक विचारायचे, खरं असतं का हो ते? आम्ही म्हणायचो, या आणि एक ठोसा खाऊन बघा. वज्रबाहू गेला, जाईपर्यंत बोलला नाही. काळभुजंग आहे अजून. लाँड्री चालवतो. अजून गल्लीतली माणसं त्याच्याशी कपड्याच्या घडीवरून वाद घालत नाहीत, एवढंच काय ते त्याच्याकडं उरलंय. तेही तुम्ही घालवलंत. तुमच्या सासूबाईंना मी आजवर हेच सांगत आलो की सगळं खरं होतं. त्या बिचारीनं केवढ्या काळज्या केल्या माझ्या! आता तिच्यासमोर कोणत्या तोंडानं बसू?”

“बाबा, मी चांगलंच लिहिलं होतं...”

“तेच तर,” सासरे म्हणाले. “वाईट लिहिलेलं पुसता येतं.”

चहा तसाच ठेवून ते गेले. तारेवाल्यांनी तो ओतून टाकला आणि बेसिनपाशी बराच वेळ नळ सुरू ठेवून उभे राहिले. बायको मागून येऊन नळ बंद करून गेली.

पण खरा स्फोट इमारतीत झाला. आंधळ्या पंचाला लोक हसले होते, ते प्रेमानंच. ठरवून निकाल लावणारा पंच ही गोष्ट वेगळी होती. दंतवैद्यांच्या कुत्र्याला सकाळी गच्चीवर न्यायचं नाही, असा निकाल सासऱ्यांनी दिला होता. वरच्या मजल्यावर गाणं शिकवणाऱ्या बाईंनी त्याच सकाळच्या वेळी गच्चीवर रियाज करायचा नाही, असाही दिला होता. कुत्रा बाईंच्या गाण्यावर भुंकायचा आणि बाई कुत्र्याच्या भुंकण्यावर चिडायच्या, म्हणून दोघांना सारखाच नियम. त्या दिवसापासून ही दोन घरं एकमेकांशी बोलत नव्हती. आता दोघं एकत्र एकाच लिफ्टमधून अध्यक्षांच्या राजीनाम्याची मागणी घेऊन फिरू लागली.

“निकाल आधीच ठरलेला होता, बाईंना झुकतं माप द्यायला,” दंतवैद्य म्हणत.

“ठरलेला होताच, कुत्र्याला झुकतं माप द्यायला,” बाई म्हणत.

जिथे म्हणून कुणी तंटा हरलं होतं तिथून जुनी प्रकरणं उकरून निघाली. पुढच्या रविवारी सकाळी खास सभा बोलावली गेली. अध्यक्षांनी खुलासा करावा, नाहीतर पद सोडावं.

सभा खालच्या मोटारींच्या जागेत भरली. तारेवाले बायकोबरोबर गेले, मागच्या खांबाआड उभे राहिले. सासूबाई पहिल्या रांगेत, पदर सारखा करून. सासरे उठले. त्यांच्यासमोर दोन वाटा होत्या. ‘होय, तो खेळ होता, पण तुमच्या भांडणांत मी कधी खेळ केला नाही,’ असं म्हणता आलं असतं. खरं होतं ते, आणि लोकांनी कदाचित मानलंही असतं. पण शब्द मोडला असता.

“तो सामना खरा होता,” सासरे म्हणाले. “खुर्ची खरी होती. मला दिसली नाही. पंच म्हणून मी नालायक होतो. तुमच्या भांडणांत मला जेवढं दिसलं तेवढ्यावर मी निकाल दिला. त्यात चुकलो असेन तर तेही डोळ्यांमुळेच. लबाडी मी केली नाही.”

“मग जावयांनी लिहिलंय ते?” दंतवैद्यांनी विचारलं. “मिनिटामिनिटानं लिहिलंय!”

सगळ्या माना खांबाकडे वळल्या. खांब पुरेसा रुंद नव्हता. सासऱ्यांनी मात्र मान वळवली नाही. ते समोर भिंतीकडे बघत राहिले, आणि त्या न बघण्यानं तारेवाल्यांना जेवढं लाजवलं तेवढं सबंध सभेच्या बघण्यानं लाजवलं नाही.

“ते... ते मी मनानं घातलं,” तारेवाले म्हणाले.

“काय?”

“हात दाबणं वगैरे. तसं काही नाही टेपमध्ये. वाचकांना आवडतं म्हणून रचलं मी. सामना खराच होता.”

दंतवैद्यांनी मोबाइल उंच धरला होता. “म्हणजे तुम्ही आधी सासऱ्यांना आंधळं केलंत, मग लबाड केलंत, आणि दोन्ही खोटं?”

“पहिलं खरं आहे,” तारेवाले म्हणाले.

“बसा!” गाण्याच्या बाई कडाडल्या. बसायला खुर्ची नव्हती, तरी तारेवाले खांबाला टेकून खाली बसले. “शोभतं का तुम्हाला? नावासाठी घरच्या माणसाची अब्रू विकता? आणि हे बघा, हा माणूस स्वतःचं उणं भरसभेत सांगतोय. असा माणूस लबाड असेल का हो?”

टाळ्या पडल्या. राजीनाम्याची मागणी करणाऱ्या बाईंनीच अध्यक्षपद कायम ठेवावं असं सुचवलं, दंतवैद्यांनी अनुमोदन दिलं. फक्त यापुढे बघायच्या कामी अध्यक्षांच्या डाव्या हाताला दंतवैद्यांनी आणि उजव्या हाताला बाईंनी बसावं असं ठरलं, आणि डोळे तपासायला एक चांगला डॉक्टरही सुचवला गेला. दंतवैद्यांचा व्हिडिओ दुपारच्या आत संपादकांकडे पोचला होता. संपादकांचा निरोप छोटा होता: समीक्षकच रचून लिहितो म्हटल्यावर सदर बंद, फोटो पाठवायची गरज नाही.

दुपारी सासुरवाडीच्या स्वयंपाकघरात सासूबाई पाणी तापवत होत्या. तारेवाले दारात उभे राहिले.

“आई, तुमचीही माफी मागायची होती. बाबांनी इतकी वर्षं तुम्हाला सांगितलं की ते सगळं खरं होतं, आणि मी...”

“हळू बोला,” सासूबाई म्हणाल्या. “ऐकतील.” आणि मग स्वतःच हळू आवाजात हसल्या. “अहो, वज्रबाहू आणि काळभुजंग एका स्कूटरवरून यायचे आमच्याकडं. काळभुजंग मागं बसायचा, वज्रबाहूच्या कमरेला धरून. जिन्याखाली आल्यावर वेगळे व्हायचे आणि एकेक करून वर यायचे, मला कळू नये म्हणून. खिडकीतून सगळं दिसायचं मला. पडदा काढला होता ना बो शिवायला.”

“म्हणजे तुम्हाला पहिल्यापासून...”

“लग्नाच्या पहिल्या महिन्यापासून.”

“मग बोलला का नाहीत?”

“त्यांना केवढा आनंद व्हायचा, घरी येऊन मार लागल्याचं सांगताना! काळभुजंगानं ढकलून दिलं म्हणायचे, पाठ धरून बसायचे. मी शेक द्यायची. सगळी वर्षं धडधाकट पाठीला शेक दिलाय मी. आता सभेला उभे राहिले ना, आज जुनी दुखापत वर येणार. आलीच असेल.”

आतून सासऱ्यांचा कण्हल्यासारखा आवाज आला.

सासूबाईंनी रबरी पिशवीत गरम पाणी भरलं, बूच घट्ट केलं, पिशवी टॉवेलात गुंडाळली आणि तारेवाल्यांच्या हातात दिली. “जा. माझे हात दुखतात आताशा. आणि कळलंय असं दाखवू नका.”

सासरे पलंगावर पालथे पडले होते. तारेवाल्यांनी पिशवी पाठीवर टेकवली.

“काळभुजंगानं एकदा दोरावरून बाहेर फेकलं होतं,” सासरे उशीत तोंड खुपसून म्हणाले. “ती दुखते.”

“दुखणारच, बाबा,” तारेवाले म्हणाले. “खरंच फेकलं होतं ना.”

सासऱ्यांनी उशीवर मान वळवून जावयाकडे एकदा पाहिलं. “डावीकडं घ्या थोडं,” मग म्हणाले.

सगळा हिशोब मांडला तर काळभुजंगाची लाँड्री सुरळीत चालली, सासऱ्यांची खुर्ची राहिली, दंतवैद्य आणि बाई बोलू लागले, संपादकांना दुसरा समीक्षक मिळाला. सासूबाईंच्या हातांना शेकापासून सुट्टी मिळाली. तारेवाल्यांचं सदर गेलं, फोटो गेला, कचेरीत ‘रचून लिहिणारे’ अशी नवी ओळख झाली. आणि दर रविवारी जेवणं झाली की, त्या दिवसापासून पुढं कायमचं, धडधाकट पाठीला शेक द्यायचं काम त्यांच्याकडे आलं.